प्वाटिए, सिडनी

सिडनी प्वाटिए (२० फेब्रुवारी १९२७ – ६ जानेवारी २०२२). अमेरिकन चित्रपट-नाट्य अभिनेते व दिग्दर्शक. प्रमुख भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी कोणत्या भूमिका केल्या हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोणत्या नाकारल्या हेही.

आईवडील बहामातील कॅट बेटावर टोमॅटो पिकवत. माल विकायला ते अमेरिकेत मायामीला आले असताना सिडनींचा जन्म झाला, तोही दिवस भरण्याआधीच. मूल जगणार नाही असे धरून वडिलांनी पुरण्यासाठी बुटांचा खोकाही आणून ठेवला होता, असे त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितले आहे. मायामीतील जन्मामुळे अमेरिकी नागरिकत्व मात्र आपसूक मिळाले. वयाची पहिली दहा वर्षे वीज नसलेल्या कॅट बेटावर गेली, पुढची काही बहामाची राजधानी नासाऊ येथे. बेटावर बहुतेक वस्ती काळ्यांचीच. त्यामुळे कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरते, हे पंधराव्या वर्षी भावाकडे मायामीला आल्यावरच त्यांना खऱ्या अर्थाने कळले.

तेथून ते न्यूयॉर्कला गेले. हॉटेलांत भांडी घासली, वय वाढवून सांगून काही काळ सैन्यात काढला. हार्लेम या तेथील काळ्यांच्या वस्तीतील ‘अमेरिकन नीग्रो थिएटर’ या नाट्यसंस्थेच्या चाचणीत अडखळत वाचल्यामुळे आणि बहामी उच्चारांमुळे त्यांना अक्षरशः हाकलून देण्यात आले, ‘भांडी घासायचे काम बघ’ हा सल्ला वर. तेव्हा त्यांनी रेडिओवरील निवेदकांची नक्कल करत उच्चार घोटवले. ते काम करत त्या हॉटेलातील एक वयस्कर ज्यू वेटर रात्री काम संपल्यावर शेजारी बसून त्यांच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेई. पुढे त्याच नाट्यसंस्थेत झाडलोट करण्याच्या बदल्यात त्यांना शिकायला मिळाले. ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या आपल्या पुस्तकाच्या स्वतः केलेल्या वाचनासाठी त्यांना २००१ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

‘नो वे आउट’ (१९५०) या चित्रपटात ते डॉक्टर झाले. त्या काळी हॉलिवुडमध्ये काळ्या नटाच्या वाट्याला नोकर, हमाल किंवा विदूषक एवढेच येई. म्हणून ही भूमिका वेगळी. पुढे ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’च्या चित्रीकरणासाठी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांना व सहकलाकार कॅनडा ली यांना दिग्दर्शक झोल्टान कोर्डा यांचे करारबद्ध नोकर म्हणून दाखवावे लागले. पैशाची चणचण असतानाही त्यांनी एका चित्रपटातील रखवालदाराची भूमिका नाकारली. कथेत त्याची मुलगी मारली जाते आणि तो गप्प राहतो. बापाने असे वागणे त्यांना पटेना. या नकारानेच मार्टिन बॉम हे एजंट प्रभावित झाले आणि त्यांनी प्वाटिए यांचे काम हाती घेतले.

‘द डिफायंट वन्स’मध्ये (१९५८) एका बेडीत जखडलेल्या काळ्या-गोऱ्या फरारी कैद्यांची गोष्ट आहे. त्यासाठी ऑस्करचे नामांकन आणि बर्लिन महोत्सवाचे पारितोषिक मिळाले. शेवटी गोऱ्या सोबत्यासाठी काळा कैदी धावत्या गाडीतून उडी टाकतो. हार्लेममधील प्रेक्षक त्या वेळी ‘परत गाडीत चढ, मूर्खा’ असे ओरडले, ही जेम्स बाल्डविन या लेखकाने नोंदवलेली आठवण पुढच्या साऱ्या टीकेचे बीज आहे. रंगभूमीवर १९५९ साली लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’मध्ये त्यांनी साकारलेला वॉल्टर ली यंगर चिडतो, चुकतो, घरादाराला दुखावतो. पडद्यावर अशी मोकळीक त्यांना क्वचितच मिळाली. ऑस्कर आले ते ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी, १३ एप्रिल १९६४ रोजी. ॲरिझोनाच्या वाळवंटात जोगिणींना चर्च बांधून देणाऱ्या मजुराची ही भूमिका गोड आहे, पण त्यांची सर्वोत्तम नव्हे.

१९६७ हे त्यांचे वर्ष. ‘टू सर, विथ लव्ह’, ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हे तिन्ही त्याच वर्षीचे. दुसऱ्यात फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्ज मिसिसिपीतील खुनाचा तपास करतो. कापूस-मळ्यांचा धनाढ्य मालक एंडिकॉट आपल्या काचघरात ऑर्किडच्या फुलांविषयी बोलत असतो. संशय आपल्यावर आहे हे लक्षात येताच तो टिब्जच्या थोबाडीत मारतो. टिब्ज क्षणाचाही विलंब न लावता तशीच परत देतो. सरबताचा ट्रे घेऊन उभा असलेला काळा नोकर आणि गोरा पोलीसप्रमुख दोघेही बघत राहतात. हा प्रतिटोला आपल्या आग्रहामुळे आला असे प्वाटिए सांगत. पटकथेच्या मसुद्यात तो आधीपासूनच होता, असे अभ्यासक दाखवून देतात. श्रेय कोणाचेही असो, अमेरिकन प्रेक्षकाला असे दृश्य नवे होते. चित्रीकरण मुख्यतः उत्तरेकडील इलिनॉय राज्यात झाले, कारण दक्षिणेत जायला ते तयार नव्हते. १९६४ मध्ये मित्र हॅरी बेलाफॉन्टे यांच्याबरोबर नागरी हक्क कार्यकर्त्यांसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन ते मिसिसिपीतील ग्रीनवुडला गेले होते, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या लोकांनी त्यांच्या मोटारींचा पाठलाग केला होता.

‘इन द हीट ऑफ द नाइट’ला ऑस्कर मिळाले, पोलीसप्रमुख झालेले सहनायक रॉड स्टायगर यांनाही. प्वाटिए यांना नामांकनसुद्धा नाही. १९६८ मध्ये चित्रपटगृहचालकांच्या पाहणीत मात्र तेच पहिल्या क्रमांकाचे तारे ठरले. त्याच सुमारास गोऱ्यांना रुचेल असा निर्दोष, निर्लिंग काळा पुरुष ते उभा करतात, अशी टीका वाढली. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मधील गोऱ्या कुटुंबाचा भावी काळा जावई इतका गुणी आहे की सासऱ्याला रंगाखेरीज हरकत घ्यायला जागाच उरत नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर यांना नेमके तेच हवे होते. टीका खोटी नव्हती. पण एकाच नटाने साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व करावे, ही सक्ती त्यांच्यावर हॉलिवुडनेच लादली होती.

सत्तरच्या दशकात ते दिग्दर्शनाकडे वळले. ‘बक अँड द प्रीचर’ (१९७२) हा पहिला चित्रपट. जीन वाइल्डर-रिचर्ड प्रायर जोडीचा विनोदी ‘स्टर क्रेझी’ (१९८०) सर्वांत यशस्वी. १९९७ ते २००७ या काळात ते बहामाचे जपानमधील राजदूत होते. २००२ साली त्यांना सन्मान ऑस्कर मिळाले, आणि त्याच रात्री डेन्झेल वॉशिंग्टन हे प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारे दुसरे कृष्णवर्णीय अभिनेते ठरले, तब्बल ३८ वर्षांनी. २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. लॉस एंजेलिस येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.