शुक्राणूला पक्वता कोण देते? अधिवृषणातील प्रथिनांच्या शोधाची पार्श्वभूमी

वृषणातून बाहेर पडणारा शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण त्याला धड पुढे पोहता येत नाही आणि अंडपेशीशी संयोगही साधता येत नाही. या दोन्ही क्षमता त्याला मिळतात त्या वृषणाला बिलगून असलेल्या अधिवृषणात. माणसाच्या अधिवृषणातील एकच एक वेटोळी नळी उलगडली, तर ती सुमारे ६ मीटर भरते. डच शरीरशास्त्रज्ञ रेग्निए द ग्राफ यांनी १६६८ मध्ये या अवयवाचे वर्णन केले आणि १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहणारे लेवेनहूक यांना शुक्राणू दिसले. तरी त्यानंतर दीर्घकाळ ही नळी म्हणजे निव्वळ वाट आणि कोठार, असेच मानले जात होते.

खरा वाद सुरू झाला तो एका साध्या दोऱ्यामुळे. १९३० च्या आसपास संशोधक विल्यम यंग यांनी गिनीपिगच्या अधिवृषणाची नळी मध्येच बांधून टाकली, तेव्हा वरच्या भागात अडकलेले शुक्राणूही काही दिवसांनी हालचाल करू लागले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की शुक्राणू वेळ गेला की आपोआपच पक्व होतो, नळीचे त्यात विशेष कर्तृत्व नाही. निष्कर्ष तर्काला धरून होता, पण त्यात हालचालीलाच पक्वता समजले गेले होते. १९६७ मध्ये संशोधक मारी-क्लेर ऑर्जबँ-क्रिस्त आणि मायकेल बेडफर्ड यांनी स्वतंत्रपणे सशांवर अशाच गाठी मारून पाहिल्या. अडकलेले शुक्राणू हलत होते, मात्र फलन घडवू शकत नव्हते. म्हणजे नुसता काळ पुरत नव्हता, नळीच्या पुढच्या भागांतील परिसरही लागत होता.

त्या परिसरात नेमके काय आहे, हा प्रश्न आता प्रथिनांकडे वळला. शुक्राणूतील डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो, की जनुकांचे वाचन जवळजवळ थांबलेले असते. त्यामुळे पृष्ठभागावर येणारी नवी प्रथिने बाहेरूनच यावी लागतात. १९७६ मध्ये कामेओ आणि ब्लाकिए या संशोधकांनी मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅट) अधिवृषणात पुरुष-संप्रेरकांवर अवलंबून असलेली प्रथिने वेगळी ओळखली. विद्युतभारानुसार प्रथिने विलग करताना जेलवर (प्रथिने ज्यातून सरकवली जातात त्या लिबलिबीत थरावर) उमटलेल्या पट्ट्यांना दिलेली डी आणि ई ही अक्षरेच पुढे त्यांची नावे झाली. आज ती दोन्ही मिळून क्रिस्प-१ या एकाच नावाने ओळखली जातात. गंमत अशी, की या प्रथिनाविना वाढवलेले उंदीर वंध्य ठरले नाहीत, त्यांच्या शुक्राणूंची संयोगक्षमता तेवढी घटली. एकाच प्रथिनाला सगळे श्रेय देण्याची घाई करणाऱ्यांसाठी हा पुरेसा इशारा होता.

माणसाच्या बाबतीत डेफबी-१२६ हे शर्करायुक्त प्रथिन बोलके ठरले. शुक्राणूवर त्याचा थर चढतो आणि गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून वाट काढायला तो मदत करतो. या जनुकाच्या दोन्ही प्रतींत डीएनएची ठरावीक दोन अक्षरे गळलेली असतील तर गर्भधारणेची शक्यता कमी होते, असे २०११ मध्ये दाखवण्यात आले. नेहमीच्या वीर्यतपासणीत हा दोष ध्यानात येतोच असे नाही.

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी वादाला अनपेक्षित वळण दिले. उंदरात वृषणातील जननपेशी नेल-२ हे प्रथिन स्रवतात; ते नळीतून वाहत अधिवृषणाच्या सुरुवातीच्या भागातील रॉस-१ या ग्राहकाला (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन भिडते आणि तो भाग विकसित होतो. या संदेशाविना शुक्राणू अपक्वच राहतात. शुक्राणूला घडवणारी नळी आधी शुक्राणूंच्याच पूर्वज पेशींकडून घडवली जाते, हे यंग आणि बेडफर्ड या दोघांच्याही मांडणीत बसणारे नव्हते.