लुई

लुई : एक फ्रेंच पुरुषनाम. फ्रेंच लिपीत शेवटी ‘स’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे मराठीतले ‘लुई’ हे लेखन मूळ उच्चाराच्या बरेच जवळचे आहे. ‘लुईस’ हे आपल्याकडे इंग्रजी आणि पोर्तुगीज वळणाने आले. स्त्रीलिंगी रूप लुईझ. ‘जाँ-लुई’, ‘लुई-फिलिप’ अशी जोडनावेही चालतात.

व्युत्पत्ती : नाव फ्रेंच, पण रक्त जर्मानिक. फ्रँक टोळ्यांच्या बोलीत ते ‘ख्लोडोविग’च्या जवळपास असावे. पूर्वपदाचा अर्थ कीर्ती, उत्तरपदाचा युद्ध. म्हणजे रणात नाव मिळवलेला. हे पूर्वपद आणि संस्कृत ‘श्रुत’ एकाच इंडो-युरोपीय धातूपासून आले आहेत. ज्याच्याबद्दल लोकांनी ऐकलेले असते तो कीर्तिवंत, ही कल्पना मराठीतल्या ‘विश्रुत’ या शब्दातही आहे.

लॅटिन लेखकांनी या नावाची ‘ख्लोडोवेखुस’ आणि पुढे ‘लुडोविकुस’ अशी रूपे केली. बोलणाऱ्यांनी आधी आरंभीचा घशातला ध्वनी टाकला, मग मधला ‘ड’ गाळला. ८४२ सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथा हा फ्रेंचच्या पूर्वजभाषेतला सर्वांत जुना मजकूर मानतात. त्यात हे नाव ‘लोधुविग्स’ असे आहे. म्हणजे मधले व्यंजन तोवर टिकून होते. जर्मन ‘लुडविग’, इटालियन ‘लुइजी’ आणि ‘लुडोविको’, पोलिश ‘लुडविक’, हंगेरियन ‘लायोश’ ही सगळी याच घरातली भावंडे. ‘लुडोविक’ तर लॅटिनमधून फ्रेंचमध्ये पुन्हा उचललेले. एकाच नावाने घरात दोनदा प्रवेश केला.

राजवंश : या नावाचे भाग्य अर्थापेक्षा गादीने घडवले. मेरोव्हिंजियन वंशाचा फ्रँक राजा क्लोव्हिस (मृत्यू ५११) याने रँस येथे कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. ‘क्लोव्हिस’ आणि ‘लुई’ हे मुळात एकच नाव. पुढे कॅरोलिंजियन या दुसऱ्या फ्रँक घराण्याने मेरोव्हिंजियनांची गादी बळकावली. त्याच घराण्यातल्या शार्लमेनला ७७८ मध्ये जुळे मुलगे झाले, तेव्हा त्याने त्यांना लुई आणि लोथार ही पदच्युत घराण्यातली नावे दिली. गादी नवी असली की वारसा जुना दाखवावा लागतो. हे नामकरण उघड उघड राजकारण होते. लोथार बालपणीच वारला. लुई ८१४ मध्ये सम्राट झाला आणि फ्रान्सच्या राजांचे क्रमांक त्याच्यापासून सुरू झाले. मूळ पुरुष क्लोव्हिस मात्र या मोजणीबाहेरच राहिला.

नववा लुई (१२१४–१२७०) क्रुसेडवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावर, असताना ट्युनिसजवळ मरण पावला. १२९७ मध्ये त्याला संतपद मिळाले. राजाचे नाव आता संताचेही झाले आणि सामान्यांच्या घरांत ते रुजण्याला बळ मिळाले. संत लुईचा दिवस २५ ऑगस्ट. अमेरिकेतले सेंट लुईस शहर त्याच्या नावाचे. लुइझियाना मात्र चौदाव्या लुईवरून (कारकीर्द १६४३–१७१५). मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई पंधराव्या लुईवरून. त्या बेटावर कोकणातून गेलेल्या मराठी भाषकांचे वंशज आजही राहतात. पुदुच्चेरीला फ्रेंचांनी बांधलेल्या किल्ल्याचेही नाव ‘फोर्ट लुई’च होते; १७६१ मध्ये इंग्रजांनी पुदुच्चेरी जिंकल्यावर तो पाडला. सोन्याचे ‘लुई’ नाणे तेराव्या लुईने १६४० मध्ये पाडले.

फ्रेंच राज्यक्रांतीने सोळाव्या लुईचे राजेपण काढून घेतले आणि त्याच्यावर ‘लुई कापे’ या साध्या आडनावाने खटला चालवला. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा सतरावा लुई म्हणून मोजला जातो; तो एक दिवसही राज्य न करता १७९५ मध्ये कैदेत वारला. म्हणूनच सोळाव्यानंतर प्रत्यक्ष गादीवर बसला तो अठरावा.

इतर धारक : एकोणिसाव्या शतकात हे नाव राजवाड्यातून प्रयोगशाळेत आले म्हटले तरी चालेल. लुई दागेर (१७८७–१८५१) याची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा कातडीकाम करणाऱ्याचा मुलगा. लहानपणी बापाच्या हत्याराने डोळ्याला इजा होऊन दृष्टी गेली. तरुणपणीच त्याने सहा ठिपक्यांची लिपी बसवली, आणि आज भारतीय भाषांसाठीच्या ‘भारती ब्रेल’मुळे मराठीही तिच्यातून वाचता येते. लुई पाश्चर (१८२२–१८९५) याने १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस माणसावर वापरली. लुई ब्लेरिओ १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून गेला. लुई ल्युमिएर (१८६४–१९४८) आणि त्याचा भाऊ ऑग्युस्त यांच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. भारतात चलच्चित्र आले ते तिथे. जातिव्यवस्थेचा अभ्यासक लुई द्युमाँ हेही भारताशी जोडलेले नाव.

फ्रान्सबाहेर : शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचे पहिले नाव लुई, ते फ्रेंच वळणाचे असले तरी घराणे जर्मन होते. गोव्यात हे नाव पोर्तुगीज ‘लुईश’ या रूपाने पोहोचले. कवी लुईश द कामोंइश सोळाव्या शतकात गोव्यात राहिला. चांदरचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांच्या नावाची संस्था पणजीत आहे. ‘आलोयसियस’ हे ख्रिस्ती घरांतले नावही याच कुळातले मानतात. ते आले ते इटालियन येशूसंघी संत लुइजी गोंझागा (१५६८–१५९१) याच्या लॅटिन नावावरून.

फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास ‘लुई’ आजोबांचे नाव वाटू लागले होते. शतक संपता संपता ते पुन्हा पाळण्यात आले, आणि आता नवजात मुलांच्या लोकप्रिय नावांत ते वरच्या ओळीत असते.