ॲव्हरेज किती देते?

नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न खाणींतल्या इंजिनांबद्दल विचारला जायचा. आणि उत्तर दर महिन्याला छापून यायचं.

कॉर्नवॉलमध्ये तांबं आणि कथिल भरपूर, पण कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. खाण खोल गेली की पाणी भरणार, पाणी उपसायला वाफेचं इंजिन हवं, आणि इंजिनाला तोच महागडा कोळसा. जुन्या न्यूकॉमेन इंजिनात सिलिंडरमध्येच थंड पाणी मारून वाफेचं पाणी करत. त्यामुळे दर फेऱ्याला अख्खा सिलिंडर निवायचा आणि पुन्हा तापवावा लागायचा. जेम्स वॉटने वाफ निववायला वेगळं भांडं जोडलं आणि कोळशाचा खप एकदम खाली आला. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी मोबदला मागितला तो मात्र न्यारा: जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा.

सुरुवातीला खाणवाल्यांना हे पटलं, पुढे डाचायला लागलं. वॉटचं १७६९चं पेटंट संसदेने १७७५ साली थेट १८००पर्यंत वाढवून दिलं होतं. जोनाथन हॉर्नब्लोअर या अभियंत्याने दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं, तर वॉटच्या पेटंटमुळे त्याला ते पुढे नेता आलं नाही. जास्त दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटे. त्याची भीती खोटी नव्हती, त्या काळचे बॉयलर फुटायचेच. पण त्याच्या पेटंटला वळसा घालून दुसऱ्या कुणी काही करून बघावं, अशी सोय राहिली नाही. पेटंटमुळेच बोल्टनने पैसा ओतला हे मान्य. तरी एकतीस वर्षं फार झाली, असं माझं मत.

१८०० साली पेटंट संपलं. आता वारू सुटेल असं वाटेल, पण झालं उलटंच. बोल्टन-वॉटची माणसं निघून गेली, देखभाल ढिली पडली आणि इंजिनांची कामगिरी घसरली. कुणाचं इंजिन किती कोळसा खातं, हे शेजारच्या खाणीलाही ठाऊक नसायचं.

१८११मध्ये जोएल लीन या खाण-कॅप्टनने (तिकडे खाणीच्या व्यवस्थापकाला कॅप्टन म्हणत) मासिक तक्ता छापायला सुरुवात केली. कुठल्या खाणीत कुठलं इंजिन, त्याची रचना काय, अभियंता कोण आणि एक बुशेल, म्हणजे सुमारे ४३ किलो, कोळशात त्याने किती पौंड पाणी एक फूट उचललं. या आकड्याला ते ‘ड्यूटी’ म्हणत. आपल्या भाषेत ॲव्हरेजच!

हे सगळं उघड करायला खाणवाले तयार कसे झाले? दानशूरपणा नव्हता तो. तिथले भागधारक एकाच वेळी अनेक खाणींत पैसे गुंतवत. एका खाणीची युक्ती दुसरीत गेली तरी फायदा त्यांच्याच खिशात. अभियंत्याला तर हा तक्ता म्हणजे फुकटची जाहिरात. आकडा चांगला आला की पुढचं काम चालून येई.

याच सुमारास, १८१२ साली, रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याने व्हील प्रॉस्पर खाणीत जास्त दाबाचं इंजिन बसवलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. त्यातली मेख अशी: जास्त दाबाची वाफ थोडीशीच आत सोडायची, झडप लवकर बंद करायची आणि उरलेला पल्ला त्या वाफेला फुगत फुगत दट्ट्या ढकलू द्यायचा. युक्ती वॉटलाही माहीत होती, पण त्याच्या कमी दाबाच्या वाफेत फुगण्याइतका दमच नव्हता. आर्थर वुल्फ या दुसऱ्या अभियंत्याचं दोन सिलिंडरचं इंजिन या शर्यतीत मागे पडलं. ट्रेव्हिथिकचं साधं होतं, आणि कुणीही बनवावं, बदलावं. कुणी बॉयलर सुधारला, कुणी नळ्या-सिलिंडरना उष्णता धरून ठेवणारं आवरण घातलं. महिन्याभरात फरक तक्त्यावर दिसायचा.

१८११मध्ये सरासरी ड्यूटी होती सुमारे १ कोटी ७० लाख पौंड. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दोन टक्के कामी यायची, असा त्याचा अर्थ. १८४०च्या दशकात सरासरी ६ कोटींच्या वर गेली. फोवी कॉन्सोल्स खाणीतल्या एका इंजिनाचे आकडे तर इतके चढले की लोकांना थापा वाटल्या. मग १८३५ साली सगळ्यांसमोर चाचणी झाली. ड्यूटी भरली साडेबारा कोटी! चाचणी एका दिवसाचीच होती, तेव्हा एवढा आकडा रोजच्या कामाचा समजू नये.

ट्रेव्हिथिक १८३३ साली कफल्लक अवस्थेत वारला, हेही इथे सांगायला हवं.

इंजिनं सुधारत होती. पण जास्त दाबाची वाफ इतकी का परवडते, हे सुधारणाऱ्यांनाही नेमकं सांगता येत नव्हतं. तो प्रश्न पॅरिसमध्ये सादी कार्नो या तरुण लष्करी अभियंत्याने हाती घेतला. १८२४च्या त्याच्या निबंधात वुल्फच्या इंजिनांचा उल्लेख आहे. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल हे तापमानांतल्या फरकावर ठरतं, असं त्याने त्यात मांडलं. तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. कॉर्नवॉलमध्ये तक्ता मात्र निघत राहिला, थेट १९०४पर्यंत.