जोत्याची ओल

जोत्याची ओल : घराखालच्या जमिनीतले पाणी जोत्यातून, फरशीतून आणि भिंतीच्या बुडातून वर येणे व त्यापायी बांधकामाची, सामानाची आणि राहणाऱ्यांच्या प्रकृतीची हानी होणे. बोलताना ‘ओल चढली’, ‘लोणा लागला’ असे म्हणतात. छप्पर गळले तर पाणी कुठून येते ते बहुधा सापडते. ही ओल मात्र जिथे दिसते तिथे सुरू झालेली नसते, त्यामुळे पोपडे आलेली भिंत खरवडून पुन्हा रंगवणे हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय ठरतो.

माती, वीट, जांभा, चुना, सिमेंट या सगळ्यांत बारीक छिद्रे असतात आणि केशाकर्षणाने पाणी त्यांतून वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण जास्त. १ मिमी व्यासाच्या काचनळीत पाणी सुमारे ३ सेंमी चढते, तर ०.१ मिमीच्या नळीत ३० सेंमी. भिंतीतली छिद्रे याहूनही बारीक असतात, पण पाणी चढत असतानाच भिंतीच्या अंगातून वाळतही असते. खालून येणारे आणि वाळून जाणारे पाणी जिथे बरोबरीत येते तिथे ओलीची रेघ थांबते. ही रेघ बहुतेक घरांत मीटरभराच्या आत असते. हा ताळेबंद ध्यानात घेतला की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. ओल झाकायला भिंतीच्या बुडाशी तीन फूट टाइल्स लावल्या किंवा चकचकीत ऑइलपेंट मारला, तर पाणी यायचे थांबत नाही, फक्त वाळायचे थांबते. मग वर्षा-दोन वर्षांत टाइल्सच्या वरच्या कडेला नवे पोपडे धरतात.

पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होताना गिलावा आतून ढकलला जातो. पांढरी, खारट भुकटी सुटते तो लोणा. तो ऐन पावसात नव्हे, तर भिंत सुकू लागल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे उमटतो. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीला लोणा हमखास लागतो, कारण गोमूत्रातून जमिनीत नायट्रेटे साचतात. काही क्षार हवेतला ओलावाही ओढून घेतात, म्हणून मूळ ओल थांबल्यावरही पावसाळी हवेत तो पट्टा पुन्हा ओलसर दिसतो.

कोकणात वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. वरचा जांभा पाणी पिऊन घेतो, त्याखालची शेड (मऊ चिकणमातीचा थर) ते अडवते, आणि उतारावर कापून काढलेल्या जागेत मागच्या दरडीतून उमाळे फुटतात. अशा घरात मागची खोली आणि कोठी आधी ओलावते. इथे भिंतीवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. पाणी घरापर्यंत येण्याआधीच वळवावे लागते. दरड आणि घर यांच्यामध्ये, पण पायाला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावर, चर खणून त्याला उतार द्यायचा, खडी भरायची आणि पाणी पऱ्याला (ओढ्याला) काढून द्यायचे. दरवर्षी पावसाआधी चरातला गाळ-पाचोळा उपसणे हाही त्याच कामाचा भाग. पागोळ्या जोत्याच्या अगदी पायथ्याशी पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणीही दूर न्यावे लागते.

देशावरच्या काळ्या जमिनीची तऱ्हा वेगळी. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसून भेगाळते. एका कोपऱ्याला मोरीचे पाणी मुरत राहिले तर तेवढाच कोपरा उचलला जातो आणि भिंतीला तिरपी चीर पडते. म्हणून जोत्यात काळी माती न भरता मुरूम चोपून भरतात. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेले ‘अंडररीम्ड’ पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले.

जुन्या बांधणीत ओलीचा विचार आधीच केलेला असे. वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे, कारण घट्ट बेसाल्ट फार थोडे पाणी शोषतो. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करत. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत श्वास घेई. त्याच भिंतींवर आज सिमेंटचा गिलावा चढवतात, हे नुकसानीचे काम आहे.

नव्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालतात. साइटवर त्याला ‘डीपीसी’ म्हणतात. साधारण ४० ते ५० मिमी जाडीचे, जलरोधक मिसळलेले काँक्रीट आणि त्यावर डांबराचा हात असे त्याचे नेहमीचे रूप. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिमी उंच हवे. हा थर नंतर निकामी होतो तो मात्र बहुधा बाहेरून. अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवले किंवा डांबराचे थर चढत जाऊन रस्ता वर आला, की ओलरोधक थर मातीखाली जातो आणि पाणी त्याला वळसा घालून भिंतीत शिरते. शहरांतल्या जुन्या बैठ्या घरांचे हे मोठे दुखणे आहे. भिंतीच्या बुडाला ओळीने भोके पाडून सिलेन-सिलोक्झेनसारखी पाणी झिडकारणारी रसायने भरण्याचा उपाय विटांच्या भिंतीत चालतो. आत दगडगोट्यांची भर असलेल्या जाड भिंतीत त्याचा भरवसा धरता येत नाही.

जूनच्या सुरुवातीला लाद्यांना घाम येतो तो मात्र बऱ्याचदा जमिनीतला नसतो. थंड फरशीवर दमट हवेतली वाफ थिजते. पारखण्याची रीत सोपी आहे : हात-दीड हात प्लॅस्टिकचा चौकोन फरशीवर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावा. थेंब खालच्या बाजूला आले तर ओल जमिनीतली, वरच्या बाजूला आले तर हवेतली. दुसऱ्या प्रकारात खोदकाम करण्याचे कारण नाही.

ओलीमागून वाळवी आणि बुरशी येतात. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. लहान मुलाची खोली मागच्या ओल्या भिंतीशी असेल तर भिंतीचे काम होईपर्यंत मुलाला दुसरीकडे निजवणे बरे.

पाण्याचा मार्ग तोडल्यावरही भिंत लगेच सुकत नाही. महिन्याला साधारण एक इंच जाडी, असा ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष लागेल. तोवर सुटलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा (धुतला तर क्षार पुन्हा आत जातात) आणि भिंतीवर चुन्याखेरीज काही लावायचे नाही.