बटण बंद, तरी बल्ब का मिणमिणतो?

पावसाळ्यात कोकणात हा प्रश्न हमखास निघतो. पडवीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहतो. मग कुणी गिऱ्हाचं नाव घेतं, कुणी देवचाराचं. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण यावर उतारा म्हणून पैसे उकळणाऱ्यांशी नक्की आहे. हे काम वायरमनचं.

एलईडीत तापून उजळणारी तार नसते. जेमतेम मिलिमीटरभराचा अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) तुकडा असतो. त्याच्या एका थरात जादा इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. दोन थर भेटतात तिथे इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. ती किती, हे पदार्थावर ठरतं आणि तिच्यावरून रंग. तांबड्या प्रकाशाला साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, निळ्याला पावणेतीन. म्हणून तांबडी एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटते, निळी ३ च्या. पांढरी एलईडी मुळात निळीच, तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो. ही निळी एलईडी गॅलियम नायट्राइडमधून साधायला संशोधकांची कित्येक वर्षं गेली. त्याबद्दल अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची गोष्ट. साध्या रेझिस्टन्सला दाब (व्होल्टेज) दुप्पट दिला की प्रवाह दुप्पट होतो. एलईडी तसं वागत नाही. खाजणाच्या बांधासारखं आहे: भरती माथ्याच्या खाली असेपर्यंत शेतात पाणी नाही, चार बोटं वर चढली की सगळं शेत पाण्याखाली. एलईडी म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड. आदर्श डायोडमध्ये दाब अवघा ६० मिलिव्होल्ट वाढला की प्रवाह दहापट होतो. खऱ्या एलईडीत वाढ इतकी तीव्र नसते, तरी दोन-तीन दशांश व्होल्टनी प्रवाह दुप्पट-तिप्पट सहज होतो. त्यात एलईडी तापली की तिला लागणारा दाब कमी होतो, म्हणजे त्याच दाबाला प्रवाह आणखी वाढतो, ती आणखी तापते, आणि शेवटी जळते. एलईडीला दाब मोजून चालत नाही, प्रवाह आवरावा लागतो.

गणपतीच्या मखरासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर तीन पांढऱ्या एलईडी एकापुढे एक जोडल्या, तर त्यांना ९ व्होल्ट गेले, उरले ३. प्रवाह २० मिलिअँपिअर हवा, म्हणून ३ भागिले ०.०२, म्हणजे १५० ओहमचा रेझिस्टन्स. घरच्या बल्बमध्ये प्रवाह आवरायचं हेच काम आतलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, करतं.

आता तो मिणमिणाट. फेजची आणि बटणाकडून बल्बकडे जाणारी वायर एकाच पाइपातून दहा-बारा मीटर शेजारी-शेजारी धावतात, आणि दोन्ही मिळून एक बारीकसा कपॅसिटर तयार होतो: तारा एकमेकींना न चिकटताही त्यातून घरचा एसी प्रवाह थोडा पलीकडे जातो. असे पन्नासेक मायक्रोअँपिअर (अँपिअरचे दशलक्षांश) झिरपतात. जुन्या ६० वॅटच्या बल्बला पाव अँपिअर लागायचं, त्याला याचा पत्ताच नसे. एलईडीला अंधारात दिसण्यापुरतं उजळायला तेवढंही पुरतं. भिंत ओली असेल, बटणात निऑनचा इंडिकेटर असेल किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तरी असंच होतं. शेवटचा प्रकार धोक्याचा, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. तो वायरमनकडून तपासून घ्या.

सुटी एलईडी तपासायला ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टन्स पुरे. लांब पाय प्लसला. सहा-सात मिलिअँपिअर जातात, कुठलाही रंग सुखरूप पेटतो. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तांबडी उजळते, पांढरी बऱ्याचदा नाही, कारण मीटरचा दाबच कमी पडतो. म्हणून ती मेलेली समजू नका. बल्बच्या पट्टीवरच्या काही चिप्समध्ये आत दोन-तीन एलईडी एकापुढे एक असतात, तिथे तर मीटर काहीच दाखवत नाही. दुरुस्तीवाले त्यासाठी जास्त दाबाचा पण प्रवाह आवरलेला टेस्टर वापरतात. चिपवर काळा ठिपका दिसला तर बहुधा तीच गेलेली असते, आणि तिच्यापायी अख्खी माळ बंद पडते. बल्ब उघडायचा तो होल्डरमधून काढूनच: स्वस्त ड्रायव्हरमध्ये ती पट्टी थेट मेनशी जोडलेली असते.