न तुटलेल्या झाडांचा हिशेब

विमानाचं तिकीट काढताना थोडे पैसे जास्त भरा आणि ‘कार्बन न्यूट्रल’ प्रवास करा, म्हणजे आपण सोडलेला कार्बन दुसरीकडे तितकाच वाचवून भरून काढा, असा पर्याय कधी कधी दिसतो. कंपन्यांच्या अहवालांतही हा शब्द असतो. यातला काही पैसा पेरू, कंबोडिया, काँगो अशा देशांतली जंगलं राखायला जातो. हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला की प्रकल्पाला विकण्याजोगं एक क्रेडिट मिळतं.

पण वाचला हे ठरवायचं कसं? उभं जंगल उपग्रहातून मोजता येतं. क्रेडिट मात्र मिळतं ते प्रकल्प नसता तर जे तुटलं असतं त्याचं. हा अंदाज, म्हणजे बेसलाइन, बरीच वर्षं प्रकल्पवालेच मांडत आले. तोड जितकी भयंकर दाखवली, तितकी क्रेडिट जास्त.

आपल्या मुळशीतली एखादी देवराई घ्या. पुणे परिसरातल्या अशा राया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यासल्या होत्या. देवाच्या धाकाने जिथली वाळकी काठीही कोणी उचलत नाही, ती राई ‘पाच वर्षांत साफ होणार होती’ असं दाखवून क्रेडिट विकली, तर हवेला काडीचाही फायदा नाही. शेजारचा, प्लॉटिंगसाठी विकायला काढलेला डोंगर राखला तर बचत खरी; तीही जेसीबी पलीकडच्या गावात गेला नाही तरच.

२०२३ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने सहा देशांतल्या २६ प्रकल्पांची तुलना तशाच, पण प्रकल्प नसलेल्या जंगलांशी केली. बहुतेक ठिकाणी तोड लक्षणीय घटलीच नव्हती. ज्यांची पुरेशी माहिती मिळाली, त्यांच्या अपेक्षित ८.९ कोटी क्रेडिटपैकी खरी ठरली जेमतेम ५४ लाख.

पण म्हणून सगळंच थोतांड म्हणणं मला पटत नाही. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ४० प्रकल्पांत पहिल्या पाच वर्षांत तोड ४७ टक्क्यांनी कमी आढळली. जंगल राखता येतं. गडबड आहे ती फुगवलेल्या हिशेबात. अशी क्रेडिट तपासून मान्य करणाऱ्या व्हेरा या प्रमाणन संस्थेने २०२३ च्या अखेरीस नियम बदलले, आणि आता बेसलाइन प्रकल्पवाल्यांच्या हाती राहणार नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं.

तुमच्या कंपनीने क्रेडिट घेतली असतील तर ती कोणत्या प्रकल्पाची, कोणत्या वर्षाची, जुन्या नियमाची की नव्या, हे जरूर विचारा. व्हेराची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते.