टाचेतला थेंब: नवजात तपासणीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये बाळंतीण घरी निघण्याआधी बाळाचं वजन होतं, बीसीजी आणि पोलिओची लस दिली जाते, कावीळ दिसते का तेही पाहतात. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेण्याची तपासणी मात्र अजून लसीइतकी ओळखीची झालेली नाही. ती व्हायला हवी, कारण तिच्यामागे आईबापांचा फार मोठा हट्ट आहे.

नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलांड यांच्या दोन्ही मुलांची बुद्धी वाढत नव्हती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येई. कारण शोधत त्या कित्येक डॉक्टरांकडे गेल्या. १९३४ मध्ये डॉ. आस्ब्योर्न फॉलिंग यांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं, तर ती हिरवी झाली. शरीराला फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल पचवता येत नाही, ते साठतं आणि मेंदूला इजा करतं, हे त्यातून पुढे आलं. आजाराला फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू, हे नाव मिळालं. त्या दोन मुलांसाठी मात्र फार उशीर झाला होता. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी एका मुलीला फिनाइलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार देऊन फरक दाखवला. तोही तिची आई उपचारासाठी त्यांच्या मागे लागून राहिली म्हणून.

उपचार सापडला, पण लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असे. तिथे रॉबर्ट गथ्री यांनी वाट काढली. त्यांचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला पीकेयू होता. रक्ताचा वाळलेला ठिपका जिवाणूंच्या थरावर ठेवायचा आणि त्याभोवती जिवाणू वाढले की फिनाइलअ‍ॅलनिन जास्त, असं समजायचं. १९६३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. कागद टपालानेही पाठवता येई, म्हणून खेड्यातलं बाळ मोठ्या प्रयोगशाळेपासून तुटलं नाही.

सत्तरच्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्युसो यांनी त्याच ठिपक्यातून थायरॉइडची जन्मजात कमतरता ओळखून दाखवली. माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हाच. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात भारतात साधारण ११३० बाळांमागे एकाला हा दोष आढळला आणि उपचार म्हणजे थायरॉक्सिनची स्वस्त गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर मूल इतरांसारखंच वाढतं. पण ही कमतरता असली की वाढणारा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) जन्मानंतर पहिल्या दिवशी आपोआपच उसळतो, म्हणून टाचेचा नमुना ४८ तासांनंतर घेणं बरं. त्याआधीच घरी जाणाऱ्या बाळासाठी जन्मताच नाळेचं रक्त हा पर्याय असतो.

भारतात बंगळूरला १९८० मध्ये अशा तपासणीचा पहिला मोठा प्रयत्न झाला. मुलांमधले दोष आणि आजार लवकर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत थायरॉइडची कमतरता आहे आणि सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजारही.

सिकलसेल हा सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्याचा प्रश्न आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की, लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिलं तर सिकलच्या मुलांतला न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. त्यानंतर वर्षभरातच तिथे सर्व नवजातांच्या तपासणीची शिफारस झाली. आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झाली. पण शिबिरात वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी (सिकलचं हिमोग्लोबिन द्रावणात विरघळत नाही, त्यावरची साधी चाचणी) नवजाताला उपयोगी नाही. त्याच्या रक्तात बहुतांश गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि सिकलचं झाकलं जातं. त्याला एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी, लागते. म्हणून पाड्यावरची सुरुवात गरोदरपणातच व्हावी. आई वाहक (म्हणजे स्वतःला आजार नाही, पण सिकलचं एक जनुक आहे) निघाली तर वडिलांचीही तपासणी करावी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के असते आणि अशा बाळाचा नमुना जन्मताच एचपीएलसीला जायला हवा.